थ्याम-सूला बाहेर आणायचं

जिंगुआशी,
८ मार्च २००५

काका,

तुम्ही आणि काकू बरे आहात असं मी धरूनच चालते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणता, म्हणून लिहायला बसले.

आपल्या डोंगरातली सोन्याची खाण आता लोकांना बघायला खुली केली आहे. कंपनी बुडाल्यापासून गवत माजलेलं ते आवार झाडून, रंगवून काढलंय. एका बोगद्यात तिकीट काढून आत जाता येतं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात चपला, हातात आइस्क्रीम, असे लोक येतात. बायकासुद्धा. पूर्वी बाई बोगद्याच्या तोंडाशी दिसली तर त्या पाळीचं काम बंद ठेवायचे. आता तिथंच तैपेच्या पोरी दोन बोटं वर करून फोटो काढतात. शेजारी ‘खाणकामगाराचा डबा’ म्हणून भातावर डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा विकतात. आई म्हणाली, आम्हाला रताळ्याची मारामार, हे कुठल्या खाणीत कामाला होते?

तिथपर्यंत हसण्यावारी होतं. पण त्या दिवसापासून तिनं एकच धरलंय. तिला बाबांना बाहेर आणायचंय.

तुम्हाला ठाऊक आहे, दगड कोसळून बाबा गेले तेव्हा मी आठ-दहा दिवसांची होते. आई बाळंतपणाच्या महिन्यात, खोलीबाहेर पाय टाकायचा नाही. बाबांना चौघांनी उचलून आणलं. रीतीप्रमाणे प्रत्येक वळणावर नाव घेऊन सांगत आणलं, इथं डावीकडे, इथं डोकं सांभाळ, म्हणजे जीव अंधारात मागं राहत नाही. सगळे असंच सांगतात. पण आईनं ते कानांनी ऐकलेलं नाही. दर वर्षी कबरी झाडायच्या दिवशी ती देव्हाऱ्यापुढे कौलाचे ते दोन लाल ठोकळे टाकते आणि विचारते, आलात का घरी? आणि दर वर्षी दोन्ही पालथे पडतात. नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, उन्हाळा काढतील का सांगता येत नाही. परवा तिची वेणी घालत होते तर म्हणाली, “मी तिकडे गेले आणि तो तिथं नसला, तर मी कुणाला विचारायचं?” माझ्याच्यानं पुढे वेणी घालवेना.

एवढ्या वर्षांनी हाक मारायची तर त्याच रक्ताचा पुरुष लागतो. मला भाऊ नाही. तुम्ही या.

स्यू-ल्येन


दोंगगांग,
१७ मार्च २००५

स्यू-ल्येन पोरी,

तुझं पत्र मिळालं. वहिनीच्या तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. पण मला यायला जमणार नाही. ट्यूनाचा हंगाम तोंडावर आलाय, तीन होड्यांची इंजिनं माझ्यासमोर उघडी पडली आहेत आणि माझ्याशिवाय त्यांना हात लावेल असा माणूस या बंदरात नाही. शिवाय गुडघा. तुमच्या गावात जिन्याशिवाय रस्ता नाही.

आणि येऊन करू काय? थ्याम-सूदादाला चार माणसांनी हाका मारत बाहेर आणलंय. मी तेव्हा सैन्यात होतो, पण सुटून आल्यावर त्या चौघांतल्या आ-होकनं स्वतः मला सांगितलं, एक वळण सुटू दिलं नाही म्हणून. आ-होक खोटं बोलणारा नव्हे. ठोकळ्यांचं म्हणशील, तर लाकूड आहे ते. माझ्या आईला ते सांगायचे की मी सरकारी अधिकारी होणार.

तो बोगदाही बहुधा तो नव्हेच. दादा फार आत होता. तिकिटवाल्यांना तिथवर कोण नेणार?

वहिनीला समजाव. एवढी वर्षं गप्प होती, आताच का हे उकरून काढते आहे? तू मला भित्रा म्हणशील. म्हण. मी मेलेल्यांना भीत नाही. मला डोंगरच सोसत नाही. कुठलीच जागा सोसत नाही म्हणा. तुझी काकू म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे, खुर्चीत बसलात तरी दाराकडे तोंड करून बसता. या घरात आम्ही आलो त्याला दीड वर्ष झालं आणि मी परत दुसरं घर बघतोय. तिनं दोन दिवस अबोला धरलाय.

सुक्या माशांचं पुडकं वेगळं पाठवलंय. वहिनीला खारट देऊ नकोस, तू खा.

तुझा काका,
बुन-हाय


जिंगुआशी,
२ एप्रिल २००५

काका,

मासे मिळाले. गुडघ्याची सबब मात्र तुमची तुमच्याजवळ ठेवा.

तुम्ही येत नाही म्हटल्यावर मीच बोगद्यात जाऊन आले. इथं जन्म काढला आणि आत पाय पहिल्यांदा टाकला. हेल्मेट देणाऱ्या मुलीनं विचारलं, पहिल्यांदाच आलात का? मी म्हटलं, हो, लांबून आले. खोटं बोलायचं मनात नव्हतं, पण तोंडातून तसंच निघून गेलं.

आत गार आहे आणि छतातून पाणी ठिबकतं. जागोजागी पुतळे उभे केलेत. एक छिद्र पाडतोय, एक गाडी ढकलतोय, आणि माणूस जवळ आला की ते भिंतीतल्या स्पीकरवरून आपल्याच भाषेत बोलायला लागतात. “आज भात आहे का रे डब्यात?” असं एकानं विचारलं. लोक हसले. मी त्या पुतळ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काका, माझ्याजवळ बाबांचा आवाज नाही. एकही शब्द नाही. मागच्या माणसानं पुढे सरका म्हटलं तेव्हा मी सरकले.

थोडं आत गेलं की लोखंडी जाळी आहे. त्यापलीकडे दिवे नाहीत. मार्गदर्शक पोरीला विचारलं, पुढे काय? तर म्हणाली, पुढे जुनी खाण, पाणी भरलंय, जुने लोक म्हणतात सगळे बोगदे तिथूनच फुटत होते. म्हणजे बाबांनाही याच वाटेनं आणलं असणार.

मग मला चैन पडेना. तुमचा आ-होक जिवंत आहे, रुईफांगच्या वृद्धाश्रमात. डोळे गेलेत, डोकं शाबूत आहे. केळी घेऊन गेले. मी थ्याम-सूची मुलगी म्हटल्यावर माझा हात सोडेचना. मी त्याला विचारलं, तुम्ही बाबांना बाहेर आणलंत तेव्हा काय काय बोललात, मला जसंच्या तसं सांगा. आणि त्यानं तिथं खाटेवर बसून सगळी वाट सांगितली. हात वर करून छत कुठं उतरतं ते दाखवलं. आणि प्रत्येक वळणाला म्हणत होता, “बुन-हाय, डावीकडे. बुन-हाय, इथं वाक. बुन-हाय, पाणी आहे, उडी मार.”

मला वाटलं म्हातारपणी नावं उलटीपालटी झाली. मी म्हटलं, बुन-हाय माझे काका, बाबा थ्याम-सू. तर तो ओशाळला. म्हणाला, “पोरी, तो तुझ्या काकाच्या नावाच्या खाणीच्या पासवर काम करत होता. बरोबर कंपनीचा अधिकारी दिवा घेऊन चालत होता. आम्ही दुसरं कुठलं नाव घेणार?”

आता तुम्ही मला सांगा काका, हे काय आहे? आईला मी अजून काही बोललेले नाही. कबरी झाडायचा दिवस तीन दिवसांवर आला आहे आणि ती ठोकळे पुसून बसली आहे.

स्यू-ल्येन


दोंगगांग,
११ एप्रिल २००५

स्यू-ल्येन,

तुझं पत्र मी होडीवर वाचलं आणि पाना पाण्यात पडला. चांगला पाना होता.

पासाचं खरं आहे. दादाच्या डब्यात एकदा सोन्याचा दगड सापडला. फार मोठा नव्हता, पण कंपनीनं त्याचा पास काढून घेतला. त्याच सुमारास मला सैन्याचं बोलावणं आलं. मी माझा पास त्याला देऊन गेलो. असं चालायचं गं. धुरात, कंदिलाच्या उजेडात चेहरा कोण बघतो? मुकादमाला माहीत होतं, आ-होकला माहीत होतं, तुझ्या आईलाही माहीत होतं. आत तो दोन वर्षं बुन-हाय होता. हे कळतं तर मुकादमासकट सगळे तुरुंगात जाते. तेव्हाचे दिवस तसेच होते.

मी किनमेन बेटावर होतो. एक दिवस साहेबानं बोलावलं. हातात तार. म्हणाला, “लीम बुन-हाय, तू खाणीत मेलास.” मी ताठ उभा. म्हटलं, नाही साहेब. तो म्हणाला, मग हा कोण? तेवढ्यात मला कळून चुकलं हा कोण ते. मी म्हटलं, आमच्याकडे या नावाचे पुष्कळ आहेत साहेब. तो हसला, मी सलाम ठोकला आणि संडासामागे जाऊन तोंडात टोपी कोंबून रडलो. पुढे मुकादमानं काय लटपट करून नावं जागच्या जागी आणली, ते मी कधी विचारलं नाही.

पण हाका माझ्या नावानं मारल्या, हे मला या घडीपर्यंत ठाऊक नव्हतं. देवाशपथ. आ-होक म्हणाला होता, सगळी वळणं सांगितली. नाव कुठलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. कुणाला सुचेल?

आयुष्यभर मी एका जागी टिकलो नाही. किलुंग सोडलं, सुआओ सोडलं, ह्वालिएनला तर भिंती रंगवून झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात सामान बांधलं. कुठंही जरा बूड टेकलं की पाठीमागून कुणीतरी ‘चल’ म्हणतंय असं वाटायचं. लोक म्हणायचे, बायको करा म्हणजे स्थिर व्हाल. बायको केली, आता दोघं हिंडतो. आणि आता कळतंय की मला जिवंतपणी नाव घेऊन डोंगराबाहेर काढलंय. मग माझं मन कुठं लागणार?

म्हणूनच मी येत नाही. आता स्पष्टच लिहितो, इंजिन नाही, गुडघा नाही, माझी टरकली आहे. मी त्या जाळीपाशी उभा राहून दादाला हाक मारायची, आणि त्यानं एवढी वर्षं तू कुठे होतास असं विचारलं, तर मी काय सांगू? मला एकट्यालाच तर बाहेर आणलं ना.

वहिनीला सांगू नकोस. तिचं हृदय.

बुन-हाय


जिंगुआशी,
१९ एप्रिल २००५

काका,

तुमचं पत्र यायच्या आधीच मी आईला सांगून टाकलं होतं. ठोकळे परत पालथे पडले आणि ती जमिनीवरच बसून राहिली. ते मला बघवलं नाही. म्हटलं, जे व्हायचं ते होवो.

तिला धक्का बसेल म्हणून मी औषध हातात धरूनच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आ-होकला, मुकादमाला आणि कंपनीला अशा शिव्या घातल्या की शेजारीण खिडकीत आली. मग चहा मागितला. परवा तुमचं पत्र आलं, तेही वाचून दाखवलं, तर अगदी थंडपणे म्हणाली, भाऊजींना लिही. ती बोलली ते शब्दाला शब्द देते.

“तो दोन वर्षं त्याच नावाला ओ देत होता. मित्र हाका मारतायत आणि हा आत बसून राहील, एवढा आडमुठा नव्हता. तो आला बाहेर. घरी आला नाही, कारण ज्या नावामागं तो चालत होता, ते नाव घरी नव्हतं. ते किनमेनला होतं. भाऊजींना म्हणावं, तो तुमच्याकडेच आहे. पहिल्यापासून तुमच्याकडेच आहे. तुम्हाला ‘चल’ म्हणतोय तो तोच, त्याला घरी यायचंय. तुम्ही मात्र त्याला बेटभर बंदरं दाखवत हिंडताय.”

मी म्हटलं, मग आता? तर तिच्याजवळ सगळं तयार होतं. तुम्ही त्यांना तिथून घेऊन निघायचं. गाडी बदलली की सांगायचं, वळण आलं की सांगायचं. इथं आल्यावर त्यांना बोगद्यात न्यायचं, तुमच्याच नावानं. जाळीपाशी त्यांचं नाव त्यांना परत द्यायचं आणि मग त्यांच्या नावानं हाका मारत बाहेर आणायचं. ती स्वतः तोंडाशी उभी राहणार. आत येणार नाही म्हणते, बायकांनी आत जायचं नसतं. मी म्हटलं, आता सगळ्या जातात. म्हणाली, तू गेलीस तेवढं पुरे झालं.

काका, ती चमचाभर पेजेवर आहे. पण हे सांगताना तिच्या गालावर रंग होता. तुम्ही नाही आलात तर मी तुम्हाला आयुष्यात दुसरं पत्र लिहिणार नाही.

स्यू-ल्येन


दोंगगांग,
२५ एप्रिल २००५

स्यू-ल्येन,

येत्या शनिवारी निघतो. तुझ्या काकूनं माझं सामान मला न विचारता बांधलं. मी विचारलं, तिकीट एक काढू की दोन? ती म्हणाली, एवढी वर्षं फुकट आला, आताच काय झालं.

गाडीत मोठ्यानं बोलावं लागेल. लोक वेडा म्हणतील. मला तरी कुठं ऐकू येणार आहे.

बुन-हाय


जिंगुआशी,
६ मे २००५

काका,

असं कुणी करतं का? आम्ही वर घरी पोहोचलो, मी तांदूळ धुतले आणि मागं वळून बघते तर तुम्ही नाही. शेजारीण म्हणाली, म्हातारे बसच्या थांब्याकडे धावत गेले. धावत! आणि म्हणे गुडघा.

तुम्ही आत होता तेव्हा बाहेर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. आईला मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, छत्री धरून. तुम्ही त्या शाळेच्या पोरांच्या घोळक्याबरोबर आत गेलात. आधी आतून नुसता गलका येत होता आणि त्या पुतळ्यांचं बोलणं. आई माझं मनगट दाबून बसली होती. मग पुतळे गप्प झाले. नंतर कळलं, मार्गदर्शक पोरीनं स्पीकर बंद केला. मग पोरंही गप्प झाली. आणि तुमचा आवाज आला, “थ्याम-सू, उजवीकडे.”

आई उठली. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. छत्री पडली, भिजत उभी राहिली. “थ्याम-सू, इथं वाक. थ्याम-सू, पाणी आहे, सांभाळ.” तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही किती मोठ्यानं ओरडता याचा तुम्हाला पत्ता नसतो. खालच्या देवळापर्यंत ऐकू गेलं असेल. माझ्या बाबांचं नाव इतक्या मोठ्यानं मी जन्मात ऐकलं नव्हतं. काका, मी रडले. सांगायला लाज वाटत नाही.

तुम्ही बाहेर आलात. हेल्मेट वाकडं, चेहरा पांढराफटक. आईनं तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुमच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि म्हणाली, “किती उशीर. चला, मुलगी मोठी झाली.” आणि वळून चालायला लागली. एवढे जिने ती चढली, मध्ये कुठं टेकली नाही, मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर तिनं ठोकळ्यांना हात लावलेला नाही. मी म्हटलं, विचार ना एकदा. तर म्हणाली, घरात असलेल्या माणसाची चौकशी काय करायची? मला मात्र राहवेना. ती झोपल्यावर मीच टाकले. दोन्ही उताणे पडले. म्हणजे हो नाही, नाही नाही, देव हसतोय. मी परत टाकले नाहीत.

ती बरी होणार नाही हे मला दिसतं. पण दुपारची घोरत झोपते, आणि ताटं मांडताना एक पान जास्त मांडायला लावते. आता तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. जाळीपाशी काय बोललात? आणि न जेवता का पळालात?

स्यू-ल्येन


दोंगगांग,
१५ मे २००५

स्यू-ल्येन पोरी,

रागावू नकोस. सांगतो.

गाडीत मी सगळं केलं. काओश्युंगला म्हटलं, दादा, इथं बदलायचंय. तैचुंगला म्हटलं, झोप थोडा. समोरच्या बाईनं आधी पोराला जवळ ओढून घेतलं, आणि मग विचारलं, कोण गेलंय? मी म्हटलं, भाऊ. तिनं मला एक संत्रं दिलं आणि जरा थांबून दुसरंही दिलं.

बोगद्यात शिरलो. त्या जाळीपाशी आलो तेव्हा पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. मी म्हटलं, दादा, माझं नाव आता मला दे. तुझं हे घे. तू थ्याम-सू आहेस. तुझी बायको बाहेर उभी आहे. एवढंच. पोरं बघत होती. तो काही विचारेल म्हणून मी एवढा घाबरलो होतो, त्यानं काही विचारलं नाही. फक्त आतून गार वारा आला. तो तिथं नेहमीच येतो असं ती मुलगी म्हणाली.

मग बाहेर आलो आणि वहिनी माझ्या मागं बघून बोलली. तिच्या मागून मी घरापर्यंत चढत आलो आणि दाराशी थांबलो. मला आत येता येईना. तुम्ही तिघं इतक्या वर्षांनी एकत्र जेवणार, त्यात माझं काय काम, असं वाटलं. म्हणून पळालो. धावलो मात्र नाही, शेजारीण वाढवून सांगते.

परत येताना गाडीत एका शब्दानं बोललो नाही. बोलायला कुणी नव्हतं.

तुझी काकू खूश आहे. मी दुसरं घर बघणं सोडून दिलंय. दुपारभर खुर्चीत बसून असतो. काल तिनं भिंतीला खिळा मारून फोटो लावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला कुणी ‘चल’ म्हणत नाही. मी कान देऊन बसतो, बहिरे कान, पण ते ऐकायला कान लागत नव्हतेच. घर फार मोठं वाटतं गं. तो माझ्याजवळ होता तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि आता नाही हे मात्र रोज समजतं. मी त्याला धड एक चांगलं बंदरसुद्धा मन लावून दाखवलं नाही.

हे पत्र वहिनीला वाचून दाखवू नकोस. तिचा स्वभाव मला माहीत आहे. ती त्याला परत माझ्याकडे पाठवेल.

तुझा काका,
बुन-हाय